ऊन चढायच्या आधी

"ही लय घट्ट विणलीय गो. जवळा भर, मांदेली भर. पण जिवंत काय झाकशील हिच्याखाली, तर ऊन चढायच्या आधी उचल. नायतर आतल्या आत शिजंल."

मासवणच्या बाजारात लाडकीनं जमनाला हे बजावलं होतं. लाडकी म्हणजे मला विणणारी बाई आणि जमना म्हणजे मला घरी नेणारी. जमनानं ते लक्षात ठेवलं, वेळ आली तेव्हा सुनेला सांगितलं, आणि सुनेनं ते हसण्यावारी नेलं. त्या हसण्याची आठवण झाली की अजून माझ्या कामट्या आकसतात.

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची टोपली आहे. माझा काठ उसवला आहे, तळाला हात जाईल एवढं भोक आहे आणि सध्या माझ्यात कांदे असतात. पण माझं सगळं आयुष्य काही कांद्यांत गेलेलं नाही. मी जीव झाकले आहेत. एकदा कुणाला झाकलं की त्याची काळजी लागते, आणि लागलेली काळजी सुटत नाही. हे तुम्हाला तुमच्या आयांकडे बघून माहीत असेलच.

मी वाढले सूर्या नदीच्या काठी, बांबूच्या बेटात. लाडकीनं माझे कोंब मोठे होताना पाहिले, मग कोयत्यानं मला चिरलं, कामट्या काढल्या, पाण्यात भिजवल्या आणि ओल्या असतानाच विणल्या. जमना तेव्हा सुकी मासळी घेऊन मासवणला यायची. तिला जवळ्यासाठी टोपली हवी होती. जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. सैल टोपलीतून ती वाटभर गळत जाते. म्हणून मी अशी घट्ट झाले की पाणी निथळेल, पण वारा म्हणाल तर जेमतेम.

जमनाचं घर तारापूरच्या बाजूच्या एका कोळीवाड्यात होतं. पुढे वाळू, वाळूपुढे दर्या. तिचा नवरा धर्माजी होडी चालवायचा. होडी लागली की मासळी माझ्यात भरायची आणि खळ्यावर ओतायची. खळं म्हणजे घरामागची चोपून झाडलेली जागा. तिथे मासळी सकाळी पसरायची आणि ऊन डोक्यावर आलं की एकेक पालटायची. एका अंगानं वाळली आणि दुसऱ्या अंगानं ओली राहिली तर नासते. जमनाचा हात त्यात असा बसला होता की दुपारी आडव्या झालेल्या धर्माजीलाही ती ढकलून कुशीवर वळवायची.

"पालटा जरा. एका अंगानं नासाल."

"मी काय बोंबील हाय?"

"बोंबील असता तर बाजारात तरी गेला असता!"

अशा हसत्या घरात मी होते. माझं कौतुकही व्हायचं. शेजारणी म्हणायच्या, "जमने, तुझी टोपली म्हणजे नुसती टोपली नाय, पेटी हाय." मला बरं वाटायचं. घट्टपणा हा आपला गुण आहे असंच मी समजत होते.

धर्माजीच्या जाळ्यात कधीकधी कासवी सापडायची. तो तिला किनाऱ्यावर आणायचा, जमना तिच्या पाठीला हळदकुंकू लावायची, नारळ फुटायचा आणि कासवी परत दर्यात जायची. "देवाची बाय हाय ती," धर्माजी म्हणायचा. जाळं फाटलं तरी चालेल, तिला ओरखडा नको. थंडीच्या दिवसांत त्या कासवी वाळूत येऊन अंडी घालायच्या आणि निघून जायच्या. मागे वळून बघायच्या नाहीत. मला नवल वाटायचं. एवढी लेकरं उघड्यावर टाकून जाताना आईचं काळीज कसं धजावतं? आता वाटतं, तिचा त्या वाळूवर विश्वास होता. तिच्या आईनंही तिथेच टाकलं होतं ना तिला.

पण वाळू विश्वासाची राहिली नाही. बोईसरला कारखाने आले, चाळी उठल्या, इमारती उठल्या. त्यांना रेती लागायची. किनाऱ्यावर लॉऱ्या उतरू लागल्या. लॉऱ्यांबरोबर जेवणाचे डबे आले आणि उष्ट्यावर कुत्री आली. जिथे अंडी पुरलेली, तिथेच फावडी चालायची.

त्याच सुमारास धर्माजीच्या मुलाचं, बळवंतचं लग्न झालं आणि प्रेमला घरात आली. कोळगावची मुलगी, पालघरच्या कॉलेजात शिकलेली. प्राणिशास्त्र हा तिचा विषय. बळवंत बोईसरला कारखान्यात पाळीवर जायचा. प्रेमला घरात, पण डोळे सदा किनाऱ्याकडे. तिचा स्वभाव म्हणजे दूध उतू जायच्या आधीच चुलीपाशी धावणाऱ्या बाईचा.

एका सकाळी तिला वाळूत कासवीच्या वल्ह्यासारख्या पायांच्या खुणांची रांग दिसली आणि त्या रांगेवरूनच गेलेले लॉरीच्या चाकांचे चर दिसले. ती धापा टाकत घरी आली. मी समोर होते, मला उचललं आणि पळाली. तिथे गुडघे टेकून तिनं हातानं वाळू उकरली. आत पांढरीशुभ्र अंडी होती, दाबलं तर खळगा पडेल अशी मऊ. एकेक अंडं ती दोन बोटांत धरायची आणि वरची बाजू वरच ठेवून माझ्यात ठेवायची. किती जपून! मी आजवर मेलेली मासळीच वाहिली होती. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यात जीव होते. परत येताना तिचं पाऊल जरा वाकडं पडलं तरी माझा जीव घाबरा व्हायचा.

खळ्याच्या कडेला, कुडाच्या सावलीत तिनं खड्डा केला, किनाऱ्याची वाळू घातली आणि अंडी पुरली. बळवंत हसला. "पालघरला शिकलीस नि इथं येऊन अंडी उबवायला बसलीस?"

"मी नाही उबवत. वाळू उबवते. त्यांना फक्त ऊब मिळाली पाहिजे आणि कुणी खायला नको, बास."

घरातल्यांना तिनं सांगितलं ते एवढंच. ऊब मिळाली पाहिजे. वरची बाजू वर का ठेवायची, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तिला ते इतकं ठाऊक होतं की सांगायचं राहूनच गेलं.

थोड्याच दिवसांत प्रेमला बाळंतपणासाठी कोळगावला गेली. जाताना तिनं जमनाचे हात धरले. "आई, यांच्याकडे लक्ष असू द्या हं."

आणि जमनानं लक्ष दिलं. मित्रांनो, मी शेजारीच होते, सगळं पाहत होते. ती दर दोनतीन दिवसांनी वाळू अलगद बाजूला करायची, लेकराला कुशीवर वळवावं तसं एकेक अंडं पालटायची आणि पुन्हा वाळू पसरायची. वर गुणगुणायची, "या अंगाला झालं, आता त्या अंगाला." ऊब दोन्हीकडून लागायला नको का? तिला जे येत होतं, ते सगळं तिनं त्यांना दिलं.

सव्वा महिन्याची लेक घेऊन प्रेमला परतली. लेकीचं नाव पुष्पलता. दिवस भरून गेले, वर आणखी गेले, वाळू हलेना. शेवटी तिनं खड्डा उकरला. वास आला. एकही पिल्लू नव्हतं.

"असं कसं झालं?" ती मटकन खाली बसली.

"मला पण कळत नाय गो," जमना म्हणाली. तिचा आवाज पडला होता. "मी किती वेळा पालटली. एका अंगाला पण कमी ऊब नाय दिली."

प्रेमलानं मान वर केली. "पालटली?"

"मग! तू सांगून गेलीस ना, ऊब पायजे."

"अहो आई, आतलं पिल्लू वरच्या सालीला चिकटून वाढतं! पालटलं की तुटतं ते. मारलीत तुम्ही सगळी! यापुढे हात लावायचा नाही. कशालाच हात लावायचा नाही!"

जमनानं आपले हात पदराखाली घेतले. त्या रात्री जेवताना ते बाहेर आले असतील तेवढेच.

पुढच्या थंडीत पुन्हा वाळूत रांग दिसली. पुन्हा मी गेले, पुन्हा अंडी आणली. या खेपेला कुत्री खळ्यापर्यंत यायला लागली होती, म्हणून प्रेमलानं खड्ड्यावर मला पालथं घातलं आणि वर दगड ठेवला.

तेव्हा जमना लांबूनच म्हणाली, "मासवणच्या लाडकीनं सांगलंय, जिवंतावर ही घालायची तर ऊन चढायच्या आधी उचलायची. घट्ट हाय लय."

प्रेमला हसली. "घट्ट आहे म्हणून तर घेतली, आई. कुत्र्याचा पंजा नाही जायचा. आणि मी रोज पहाटे उचलून बघणारच आहे की."

ती खरंच बघायची. चहाच्या आधी, पुष्पलताला कडेवर घेऊन यायची, दगड सरकवायची, मला उचलायची, वाळू न्याहाळायची. पिल्लं वर आली की लगेच दर्याकडे सोडायची, पाण्यात टाकायची नाहीत, ओल्या वाळूवर ठेवायची, चालत जाऊ द्यायची. हे ती बळवंतला पुन्हा पुन्हा सांगायची. जमना मासळी पसरता पसरता ऐकायची. माझ्याकडे मात्र फिरकायची नाही. खळं झाडतानासुद्धा माझ्याभोवती हातभर जागा सोडून झाडायची.

मग ती सकाळ आली.

पहाटेच घरात रडणं ऐकू आलं. पुष्पलता तापानं फणफणली होती. तिचे डोळे फिरले, तशी प्रेमलानं किंकाळी फोडली. बळवंत मासळीच्या टेम्पोवाल्याला बोलवायला धावला. प्रेमला पोरीला दुपट्यात गुंडाळून त्याच्याबरोबर टेम्पोत चढली, पायात चप्पलसुद्धा नव्हती. टेम्पो बोईसरच्या रस्त्याला लागला. धर्माजी दर्यात होता. घरात राहिली जमना आणि खळ्यावर मी.

माझ्याकडे कुणी आलं नाही. कसं येणार? मला राग नाही आला. पोरीचं काय झालं असेल, एवढंच मनात होतं. आणि तेवढ्यात माझ्या पोटाखाली वाळू खचली.

खर. खर. खर.

आधी एक डोकं वर आलं, मग चारपाच, मग बघता बघता ती इतकी झाली की एकमेकांच्या पाठीवर चढू लागली. बोटाएवढी लांब, काळसर, ओली. सगळी एकाच बाजूला, दर्याच्या बाजूला रेटत होती आणि मधे मी होते. त्यांची इवली वल्ही माझ्या कामट्यांवर घासत होती. मी सैल व्हावं म्हणून किती धडपडले! पण लाडकीनं विणलेली मी, वर दगड. मला माझा घट्टपणा कधी इतका नकोसा झाला नव्हता.

ऊन कुडावरून खाली उतरलं आणि माझ्या काठाला लागलं.

जमना खळ्यावर आली. तिला आवाज आला. तिचा हात मांदेलीवरच थांबला. ती जवळ आली, हातभर अंतरावर उभी राहिली.

"आलात काय?" ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "माझा हात नाय लावायचा. तिनं सांगलंय. माझ्या हाताला यश नाय."

ती रस्त्याकडे बघून आली. टेम्पोचा पत्ता नव्हता. शेजारी कुणी दिसेना, सगळ्या बायका बंदरावर, होड्यांची मासळी उतरवायला गेलेल्या. तिनं घरातून ओलं लुगडं आणलं आणि लांबूनच माझ्यावर फेकलं. जरा गार वाटलं. पण लुगडं वाळायला कितीसा वेळ? ती पुन्हा रस्त्याला गेली, पुन्हा आली. ऊन माझ्या तळावर चढलं. आतली वल्ही आता जोरात घासत नव्हती. काठाशी गेलेली काही पिल्लं हलायची थांबली होती. मला ओरडता आलं असतं तर मी अख्खा कोळीवाडा उठवला असता.

आवाज कमी झाला, तशी जमना खाली वाकली. कान माझ्यापाशी आणला. आणि तिचा चेहरा बदलला.

"शिव्या खाईन," ती म्हणाली. "खाईन शिव्या."

दोन्ही हातांनी तिनं दगड लोटला, मला उलटून उताणं केलं आणि अंडी पालटणाऱ्या त्याच हातांनी पिल्लं माझ्यात भरू लागली. वर ओलं लुगडं झाकलं आणि त्या वयात ती किनाऱ्यावर पळत सुटली. ओल्या वाळूवर मला कलंडवून ती म्हणाली, "चला, चालत जा. मला ठाऊक हाय, चालत जायचं असतं."

पिल्लं गेली. अडखळत, लाटेत उलटीपालटी होत, पण गेली. काही माझ्या तळाशीच राहिली. ती पुन्हा हलली नाहीत. जमनानं त्यांना हळदकुंकू लावलं आणि दर्याच्या तोंडाशी पुरलं.

दुपार टळल्यावर टेम्पो आला. पुष्पलताचा ताप उतरला होता, ती आईच्या खांद्यावर झोपली होती. प्रेमला उतरली आणि खळ्याकडे बघून जागच्या जागी थिजली. मी कुडाला टेकून उताणी पडले होते. खड्डा रिकामा होता.

"आई, टोपली कुणी उचलली?"

जमना मांदेली पालटत होती. तिनं मान वर केली नाही. "वारा होता."

"वाऱ्यानं दगड उचलला?"

"जोराचा होता आज."

प्रेमलानं वाळूकडे पाहिलं. तिथे जमनाच्या पावलांची रांग दर्यापर्यंत गेलेली दिसत होती. मग प्रेमला तिच्या शेजारी खाली बसली, झोपलेली पोर तिच्या मांडीवर दिली आणि म्हणाली, "आई, वाऱ्याला सांगा, उद्यापासून रोज येत जा."

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही तिघींनी ते काम केलं. प्रेमला अंडी आणायची, जमना रोज उचलून बघायची आणि मी मधे. माझ्या काठात जमनानं मुद्दाम काही कामट्या सैल करून घेतल्या. पुढे रेती संपली, किनाऱ्याला दगड लागले, वाळूतल्या रांगा विरळ झाल्या. एका वर्षी एकही रांग आली नाही. त्यानंतरच्या वर्षीही नाही.

मित्रांनो, आजकाल दुर्मीळ प्राणी हौदात, पिंजऱ्यात, काचेच्या पेटीत ठेवून वाचवतात, असं मी प्रेमलाच्या तोंडून ऐकते. ती आता बोईसरच्या शाळेत शिकवते. घरी पाठ तयार करताना मोठ्यानं वाचते. वाचवायलाच हवेत. घर मोडलं असेल तर कुणीतरी आसरा द्यायलाच हवा. पण आसरा देणाऱ्यानं एक विसरू नये. झाकणारा झाकून निघून जातो आणि आतला जीव उचलणाऱ्याची वाट बघत असतो.

हे मी आज का सांगते आहे, ते ऐका.

धर्माजी गेला. होडी विकली. बळवंतनं कुंभवलीजवळ एका इमारतीत वरच्या मजल्यावर जागा घेतली आणि सगळे तिथे आले. जमनाही आली. आता ती तुमच्यासाठी जमनाआजीच. माझ्यात कांदे भरून मलाही आणलं. सुरुवातीला आजीनं गॅलरीत मांदेली वाळत घातली. खालच्या मजल्यावरून हाक आली, "चाचीजी, बहुत बास आती है!"

"येणारच! मासळी हाय, अत्तर नाय!"

पण नंतर मांदेली बंद झाली. एकदा आजी कुणाला न सांगता दर्या बघायला चालत निघाली. लॉऱ्यांच्या रस्त्यावरून. एका रिक्षावाल्यानं तिला परत आणलं. प्रेमलानं आजीला मिठीच मारली. "आई, तुम्हाला काही झालं असतं तर?" दुसऱ्या दिवसापासून प्रेमला आणि पुष्पलता शाळेत निघाल्या आणि बळवंत पाळीवर असला, की दाराला बाहेरून कडी लागते. प्रेमाचीच कडी आहे ती, मला शंका नाही. आत जेवण झाकून ठेवलेलं असतं, पाणी असतं, पंखा असतो. कशाचीही कमी नाही.

पण वरचा मजला आहे, स्लॅब तापतो. दुपारी आजी दर्याच्या बाजूच्या खिडकीशी बसते. दर्या तिथून दिसत नाही. ती नखं गजांवरून फिरवत राहते.

खर. खर. खर.

हा आवाज मी ओळखते. मी तो एकदा माझ्या पोटाखाली ऐकला आहे. आणि अलीकडे तो कमी कमी व्हायला लागला आहे.

मला ओरडता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असेल तर जिना चढून जा. डाव्या हाताचं दार, उंबऱ्यावर शिंपल्यांची रांगोळी. आजीला हाक मारा, थोडा वेळ तिच्यापाशी बसा, तिला दर्याचं काहीतरी विचारा. लांब राहत असाल तर तुमच्या जवळ कुणी असं झाकून ठेवलेलं आहे का, ते बघून या. उद्या नको. ऊन चढायच्या आधी.

कडी बाहेरून आहे, तुमचा हात पोचेल. आणि संध्याकाळी प्रेमलानं विचारलं, दार कुणी उघडलं, तर घाबरू नका. सांगा, वारा होता. तिला कळेल.